मीच ती चेटकीण

काचीगुड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं मला चेटकीण आजी म्हणतात, आणि हे नाव मी स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं आहे.

त्याचं असं झालं. सात वर्षांच्या नातीला, मीनूला, घेऊन मी पिक्चरला गेले. गोष्ट जुनीच, माझ्या आईने मला सांगितलेली. घरात एकटी मुलगी, दाराशी चेटकीण, गोड गोड बोलते, मुलगी दार उघडते आणि फसते. तात्पर्य सरळ. पण पिक्चरमध्ये चेटकीण निघाली बिचारी! तिला म्हणे कुणी प्रेमच दिलं नव्हतं. मुलीने दार उघडलं, मिठी मारली, दोघींनी गाणं म्हटलं, सगळं थिएटर रडलं. मी सोडून. (तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. तात्पर्य बदललेलं मला खपत नाही.)

घरी येईपर्यंत ऑटोतच मी खरी गोष्ट मीनूकडून घोकून घेतली. चेटकीण काहीही म्हणेल, मी तुझी आजी आहे असंही म्हणेल, दार उघडायचं नाही. मीनूने तीनदा म्हणून दाखवलं आणि मी धन्य झाले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता माझ्या धाकट्या लेकीला, रेवाला, बघायला मलकपेठेचे पाहुणे येणार होते. हे तिसरं स्थळ, आणि या वेळी मुलगा तिला मनापासून आवडला होता. (आधीची दोन माझ्या बडबडीमुळे गेली, असं तिचं मत आहे.) "आई, फक्त नीट दिस आणि कमी बोल," एवढं बजावून ती पार्लरला गेली. मुलगा-सून मिठाईसाठी आबिड्सला गेलेले.

मी केसांना मेंदी थापली, जुना गाऊन चढवला आणि जिना झाडायला झाडू घेऊन बाहेर आले. वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत, फोन आत, मीनू आत.

बेल वाजवली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. दाराच्या भोकातून मीनूने नीट बघून घेतलं असावं.

"कोण?"

"अगं, मी आजी."

"चेटकीण असंच म्हणते."

मी समजावलं, दटावलं, शेवटी चॉकलेट कबूल केलं. चॉकलेटने तर तिची खात्रीच पटली. समोरच्या फ्लॅटमधल्या खाला बाहेर आल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मैं भी नई खोलती." तरी त्यांनी आपला फोन दिला. पण मला एकाचाही नंबर पाठ असेल तर शपथ!

साडेचार झाले. रेवाचा चेहरा डोळ्यांपुढे यायला लागला. तीस वर्षांचं तात्पर्य गिळून मी दाराला तोंड लावलं.

"मीनू, कालचा पिक्चर आठवतो ना? चेटकीण वाईट नसते गं. तिला आत घ्यायचं असतं."

"पण तू म्हणालीस, पिक्चर खोटा."

"आजीचं चुकलं."

मग, "म्हणजे तू चेटकीण आहेस?"

"हो बाई, मीच चेटकीण. पण चांगली."

दार उघडलं. मीनूने कमरेला मिठी मारली. आणि मागे जिन्यात कुणीतरी खाकरलं. मुलाची आई! हातात पेढ्यांचा पुडा, अर्धा तास लवकर. तिसरं स्थळही मीच घालवलं म्हणून मला रडूच फुटलं.

बाईंनी शांतपणे चपला काढल्या. "होणाऱ्या सुनेला माझ्याबद्दल हेच कसं सांगावं, याच विचारात मी होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोपं केलंत."

लग्न जमलं. पण त्यांच्याशी बोलत बसले (कमी बोलायचं ठरलं होतं ना!) आणि मेंदी डोक्यावर आणखी दोन तास राहिली. साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत माझं डोकं गाजरासारखं केशरी आहे. पिक्चरमधल्या चेटकिणीचे केस निदान काळे तरी होते.