झऱ्याला रंग चढला

गावाच्या डोक्यावर, उंच डोंगरात, वितळलेल्या बर्फाचं एक तळं होतं. त्याला अडवून धरलं होतं ते हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यानं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बुरूलायला त्या ढिगाऱ्याचा भरवसा वाटत नसे. मागे एकदा तो फुटेल म्हणून तिनं सगळं गाव वरच्या कुरणात हलवलं होतं. काहीच झालं नाही. परतल्यावर ती चारचौघांत म्हणाली, "माझं चुकलं."

तेवढं लोकांना पुरलं. तिचा धाकटा दीर जानीबेक तर तिला जेंगे, म्हणजे वहिनी, अशी हाक मारत रोज विचारायचा, "काय जेंगे, आज बुडायचं की जेवून मग बुडायचं?"

यंदा उन्हाळ्यात गावातला पिराच्या मजारीजवळचा झरा एकाएकी फुगला. मजारीची देखभाल करणारे म्हातारे तोलोगोन, गावाचे अक्सकाल म्हणजे वडीलधारे, खूश झाले. "पिराची कृपा," ते म्हणाले. बुरूलाय काठाशी बसून पाणी बघत राहिली. या खेपेला तिनं कुणाला घाबरवलं नाही.

"अक्सकाल, हे पाणी तळ्यातून ढिगारा पोखरून येतंय, असं मला वाटतं. पण वाटणं वेगळं. आपण तळ्यात रंग टाकू. झरा रंगला तर मी म्हणते ते खरं. नाही रंगला तर या विषयावर माझं तोंड बंद."

"आणि पिरानंच रंगवला तर?"

"म्हणून तर तुम्ही सोबत चला. रंग तुमच्याच हातानं टाका."

ओश शहरातून तिच्या मैत्रिणीनं हिरव्या रंगाची भुकटी पाठवली. म्हातारा तिच्यासोबत घोड्यावरून वर गेला आणि काठाशी पाणी जिथे गरगरत आत ओढलं जात होतं तिथे त्यानं पोतं रिकामं केलं.

मग वाट बघणं. झरा काचेसारखा स्वच्छ राहिला. जानीबेकला चेव चढला. बुरूलाय मात्र रोज झऱ्यावरून येताना हलकी होऊन यायची. आपलं म्हणणं खोटं ठरावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

एका दुपारी अक्सकाल स्वतः तिच्या दारात आले. हातातल्या पियाल्यात पाणी होतं, कोवळ्या गवतासारखं हिरवं.

"पुन्हा टाकू," ते म्हणाले. "दुसरा रंग. लाल. एकदा काय, योगायोगानंही होतं."

बुरूलायला त्या क्षणी तो म्हातारा फार जवळचा वाटला. तिनं पियाला उजेडात धरला. तळाशी बारीक वाळू बसत होती. "तुमचं बरोबर आहे, पुन्हा टाकायलाच हवा. पण ही वाळू बघा. ढिगारा आतून झिजतोय. तेवढा वेळ मिळेल असं वाटत नाही."

गाव वर गेलं, या वेळी अक्सकालांच्या शब्दावर. तंबू पडले, चुली पेटल्या, दिवस जात राहिले. "कधी फुटणार?" लोक विचारत. "माहीत नाही," ती म्हणे, आणि त्या उत्तरानं लोक आणखी चिडत.

मग एके सकाळी खालून बातमी आली: झरा आटला. थेंब नाही. तंबूंमध्ये आनंदीआनंद झाला. जानीबेक घोड्यावर खोगीर चढवू लागला.

"थांब," बुरूलाय म्हणाली. "पाण्याची वाट आत कुठेतरी बुजली असेल. मग वरचा जोर वाढत जाईल."

"असेल! नक्की सांग ना, जेंगे."

नक्की म्हटलं असतं तर तो थांबला असता, हे तिला कळत होतं. पण जे माहीत नव्हतं ते माहीत आहे असं म्हणायला तिची जीभ वळेना. तिनं नुसता लगाम धरला. त्यानं तिची बोटं हळूच सोडवली. "शेगडी घेऊन येतो. थंडीत तुम्हीच आठवण काढाल माझी."

तो उतारावरून दिसेनासा झाला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तंबूंजवळची घोडी एकदम कान टवकारून उभी राहिली. डोंगरातून दगड दळल्यासारखा आवाज आला, आणि वरच्या घळीतून धुळीचा लोट उठला. बुरूलाय उताराकडे धावली. अक्सकालांनी तिला मागून घट्ट धरलं.

खाली शाळा, मजार, घरं, सगळ्यांवरून काळा चिखल शांतपणे पसरत गेला. जानीबेक सापडला नाही.

पुढे नव्या वस्तीत लोक तिच्या पाया पडायला येत. ती दार लावून घेई.