आडवा अंगठा

सोलच्या बाजारात माझा चष्मा पडला आणि माझ्याच पायाखाली आला. नवरा हाताला धरून मला समोरच्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. दुकानातल्या पांढऱ्या केसांच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि मला कोरियन. त्यांनी खुणेनंच समजावलं, की स्पष्ट दिसलं तर अंगठा वर, नाहीतर खाली.

पहिल्या काचेतून बऱ्यापैकी दिसत होतं. मी अंगठा आडवा धरला. बाईंनी तो चिमटीत पकडला, खाली वळवला आणि काच बदलली. दुसऱ्यांदाही तेच.

एरवी अशा वेळी मी "चालेल" म्हणून मोकळी होते. बिघडलेल्या ब्लाउजला, गार चहाला, मागच्या चष्म्यालासुद्धा मी चालेलच म्हटलं होतं. उगीच कुणाला त्रास नको! इथे मात्र 'चालेल'ला खूणच नव्हती.

सहाव्या काचेला शेवटच्या ओळीतले आकडे लख्ख दिसले. अंगठा आपोआप वर गेला. बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तासाभरात चष्मा तयार झाला. बाहेर आले तर रस्त्यावरच्या झाडाचं पान न् पान सुटं दिसत होतं. इतकी वर्षं मी झाडं नुसती हिरवी म्हणून बघत होते!

"जेवायला कालच्याच ठिकाणी जाऊ. चालेल ना?" नवऱ्यानं विचारलं.

मी अंगठा त्याच्या नाकासमोर धरला आणि ऐटीत खाली वळवला.