शिवेवरची सोसायटी

आम्ही दोघं डोंबिवलीचं घर विकून इथे राहायला आलो, तेव्हा नातेवाईकांना पत्ता सांगताना माझी तारांबळ उडायची. कर्जत म्हणावं तर स्टेशनपासून रिक्षाने चांगलंच लांब. खोपोली म्हणावं तर ती आणखी पुढे. शेवटी मी सांगायला लागले, "कर्जत-खोपोली रस्ता सोडून डोंगराच्या बाजूला वळा. भाताच्या खाचरांमध्ये चार इमारती दिसतील, त्याच."

आमच्या पूर्वेला डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी ठाकरवाडी. दक्षिणेला ओढ्यापलीकडे जुनं गाव. मधल्या सपाटीवर आम्ही, चहूबाजूंनी भिंत घालून. आमच्यात अर्धे निवृत्त लोक. काही घरं रसायनीच्या आणि खोपोलीच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्यांची. काही फ्लॅट फक्त शनिवार-रविवारी उघडणारे, आणि वरच्या मजल्यांवर भाडेकरू, कुणी मराठवाड्याचे, कुणी बिहारचे. एकमेकांकडे बघून हसायचं, लिफ्टमध्ये "जेवण झालं का" विचारायचं, एवढीच ओळख. गावाशी संबंध दुधापुरता.

चौथ्या वर्षी चैत्रात एका सकाळी गावातले एक म्हातारे पुजारी आणि त्यांची सून आमच्या दारात उभे राहिले. चेअरमन मुंबईला गेले होते आणि वॉचमनने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं, कारण मी कमिटीवर होते. मी पाणी दिलं. सून म्हणाली, "ताई, यंदा देवीची पालखी तुमच्या आवारातून जानार हाय. गेट उघडं ठेवा, दुसरं काय नाय."

मला काही कळेना. मग आजोबांनी समजावलं. गावदेवीची पालखी वर्षातून एकदा गावाच्या शिवेवरून फिरते. शिवेचा दगड आमच्या पंप-रूमच्या मागे आहे. मी तो रोज बघत होते, बिल्डरचा उरलेला दगड समजून. इमारती झाल्यापासून पालखी भिंतीच्या बाहेरून जायची आणि नारळ भिंतीपाशीच फुटायचा. पण यंदा भिंतीबाहेर ओढ्याकडच्या जमिनीवर कुणीतरी फार्महाउस बांधून तारेचं कुंपण घातलं होतं. वाट उरली नव्हती.

"मग गेटातून आत या, दगडाची पूजा करा आणि गेटातूनच परत जा," मी म्हणाले.

आजोबांनी मान हलवली. "आल्या वाटंनं पालखी माघारी नेत नाय आमी. पुढं वाडीकडंच जायला पायजे."

पुढे भिंत होती.

संध्याकाळी चेअरमन आले आणि मीटिंग भरली. ते बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन पण धास्तावणारे. गाड्यांना ओरखडे पडतील, ढोलांचा त्रास होईल, एकदा वाट दिली की ती कायमची होईल, असं बरंच बोलणं झालं. एकीने विचारलं, "भिंत पाडायची का आता?" तेवढ्यात आमचे हे, जे मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "भिंत कशाला पाडायची? पालखी उचलून पलीकडे देऊ. मी धरतो एक बाजू."

सगळे हसले, कारण ह्यांचे गुडघे सगळ्यांना माहीत होते. पण मग रसायनीला क्रेनवर काम करणारे शेजारी म्हणाले, "होईल की. पलीकडे उभं राहायला काहीतरी उंच हवं."

दुसऱ्या दिवशी मी आणि ते शेजारी गावात गेलो. मी पहिल्यांदाच ओढा ओलांडत होते. देवळाच्या पारावर आजोबांना हे सांगितलं. ते काठी टेकत पारावरून उठले. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी मागे वळून मुलाला हाक मारली, "ट्रॅक्टरची ट्रॉली मोकळी हाय का रं?"

पालखीच्या दिवशी दुपारपासून लोक खाली येऊन गाड्या हलवत होते. चेअरमन स्वतः सगळ्यांना सूचना देत होते. ऊन उतरल्यावर ढोल वाजवत पालखी गेटातून आत आली. गावच्या बायका पुढे, त्यांच्या मागे आमच्या. पंप-रूममागचा दगड कुणीतरी सकाळीच धुऊन ठेवला होता. त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि पालखी भिंतीपाशी येऊन थांबली.

पलीकडे वाडीच्या वाटेने आणलेली ट्रॉली भिंतीला टेकली होती, तिच्यावर गावचे पाच-सहा जण आणि वाडीतले दोघे. अलीकडे आमचे लोक पुढे झाले. बिहारकडचा भाडेकरू जरा मागे उभा होता. त्याने मला विचारलं, "आंटी, हम भी पकड़ें?" मी काही म्हणायच्या आत आजोबाच म्हणाले, "धर की रं, बघतोस काय!"

पालखी वर गेली. भिंतीच्या कडेवर क्षणभर तिरकी झाली, बायकांच्या तोंडून "अगं आई" निघालं, ह्यांनी खालून दांडा रेटला आणि पलीकडच्या हातांनी ती अलगद घेतली. ढोल पुन्हा सुरू झाला. चेअरमन घामाने निथळत होते आणि लहान मुलासारखे हसत होते. ह्यांना नंतर आठवडाभर गुडघ्याला तेल लावावं लागलं, पण तक्रारीचा एक शब्द नाही.

पुढच्या वर्षी त्या जागी भिंत फोडून छोटं फाटक केलं. ते सहजासहजी झालं नाही. कुत्री येतील, कोणीही शिरेल, म्हणून भांडणं झाली, दोन घरं अजून चेअरमनशी बोलत नाहीत. दिवेलागणीला फाटकाला कुलूप लागतं, एवढं मान्य करून प्रश्न मिटला. आता वाडीतल्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन तिथून येतात. मी गावात दळण टाकायला जाते, ते आजोबांच्या सुनेशी ओट्यावर बसून चहा पिऊनच परत येते.

शिवेवरचा नारळ फोडायचा मान गावाने सोसायटीला दिला आहे, दर वर्षी एकेका इमारतीला. यंदा आमची पाळी होती. कुणी फोडायचा यावरून आमच्याकडे जिन्यातच चर्चा चालली होती, तेव्हा तळमजल्यावरच्या नव्या सूनबाईंनी विचारलं, "बाईने फोडला तर चालेल का?" कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिला घेऊन गावात गेले. आजोबा आता थकलेत, खाटेवर पडूनच असतात. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "एका फटक्यात फुटला पायजे, गं."

फुटला.