उतरवून घेतलेलं पुस्तक

मी सोलापूरला शिकायला निघालो त्या दिवशी कितीही हात केला तरी एस.टी. थांबेना. पहिली गेली, दुसरी गेली. तिसरी दिसली तेव्हा वडिलांनी, अण्णांनी सरळ मेंढरं रस्त्यात घातली. ड्रायव्हर शिव्या घालत होता आणि अण्णा शांतपणे मला म्हणत होते, "चढ लवकर. मेंढरं लई येळ थांबत न्हाईत." आई पलीकडे बांधावर उभी होती. तिने हात हलवला नाही, मीही नाही. आमच्यात तशी पद्धतच नव्हती.

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सोलापुरात शुक्रवार पेठेत खोली घेतली, कॉमर्सला नाव घातलं, आणि मॅनेजरिअल इकॉनॉमिक्सचं इंग्रजी पुस्तक आडवं आलं. विकत घेणं झेपणारं नव्हतं. लायब्ररीत एकच प्रत, तीही बाहेर न्यायची नाही. मग मी ते अख्खं हाताने उतरवून घेतलं. सात वह्या भरल्या. शेवटचं प्रकरण कॉम्प्युटरवर होतं. त्यातल्या पंच कार्डाचं चित्र मी एकेक भोक जागच्या जागी ठेवून काढलं. कॉम्प्युटर मी पाहिला नव्हता, सरांनीही नव्हता. "परीक्षेला येतं, पाठ करा," एवढंच ते सांगायचे. पुढे मुंबईच्या ऑफिसात तो दिसला, तर त्याच्या खोलीला एसी आणि आम्हाला कुरकुरणारा पंखा.

मी मुंबईला गेल्यावर वह्या मधल्या भावाने, ज्ञानूने घेतल्या. तो पास होऊन पुण्याला गेला. मग चुलतभाऊ शिवा, तो नाशिकला. माणसं गेली तरी वह्या प्रत्येक वेळी वस्तीवर परत यायच्या. आई एकदा म्हणाली, "ह्या वह्या वाचल्या की घरातलं एक माणूस जातंय की." आम्ही हसलो.

उरला धाकटा निवृत्ती. अण्णा वारल्यावर मेंढरं तोच बघत होता आणि घरी बसून, बाहेरून परीक्षा द्यायची म्हणत होता. लायब्ररीतली प्रत तोवर कुणीतरी ढापली होती, त्यामुळे त्याची सगळी भिस्त वह्यांवर. त्या सुट्टीत मी घरी गेलो, तर वह्या सापडत नव्हत्या. त्याने घर पालथं घातलं. दुपारी तो मेंढरांमागे गेल्यावर मी धान्याच्या रिकाम्या कणगीत डोकावलो. तळाशी घोंगड्यात गुंडाळून सातही ठेवलेल्या. वळून बघतो तर आई.

"ऱ्हाऊ दे तितंच," ती म्हणाली. "तुमी समदी गेलासा. ह्यो एक तरी ऱ्हाऊ दे."

मी कणगीवर झाकण ठेवलं.

संध्याकाळी निवृत्ती आला. "दादा, घावल्या का?"

"शिवानं परत नाशकाला नेऊन हरवल्या असत्याल," मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं नाही. दादा सांगतोय म्हणजे खरंच असणार, असा त्याचा स्वभाव. परीक्षेचा नादही त्याने सोडला.

आता मी थकलोय. नोकरी संपली, डोंबिवलीत दोन खोल्या झाल्या, पण त्या खोल्यांना मी अजून 'घर' म्हणत नाही. दिवाळीला ज्ञानू, शिवा आणि मी पोराबाळांसकट वस्तीवरच उतरतो. निवृत्तीने अंथरुणं उन्हात घातलेली असतात, पाणी तापलेलं असतं. दोन दिवस आम्ही पाय पसरून बसतो आणि गावात राहण्यातलं सुख त्याला समजावून सांगतो. तो ऐकून घेतो.

निवृत्ती, गेल्या वर्षी आई गेली, म्हणून आज हे लिहिण्याचं धाडस करतोय. वह्या मी पाहिल्या होत्या. "ऱ्हाऊ दे" म्हणाली ती आई, पण खोटं बोल असं तिने सांगितलं नव्हतं. ते माझं. आईसाठी केलं, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. ते अर्धंच खरं आहे. तूही गेला असतास, तर मला परत यायला घर उरलं नसतं.