पलंगाखालच्या दोन विटा

सात वर्षांपूर्वी माझ्या घशाशी आंबट यायला लागलं. आडवं झालं की छातीत जळजळ आणि तोंडात कडू पाणी. अलिबागच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "उशा वाढवून भागणार नाही. पलंगच उशाकडून उचला." मी त्याच दिवशी उशाकडच्या पायांखाली दोन विटा सरकवल्या.

नवऱ्याने पहिल्याच रात्री त्या काढल्या. "मी खाली घसरतो," म्हणाला. सासूबाईंनी त्या परसात नेल्या आणि वाळत घातलेल्या जवळ्याच्या मासळीवरचं जाळं उडू नये म्हणून त्यावर ठेवल्या. तेव्हापासून मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते.

गेल्या महिन्यात नवऱ्याच्या छातीत जळजळलं. तेच डॉक्टर, त्याच गोळ्या, तोच सल्ला. दुसऱ्या दिवशी सुतार हजर! पलंगाखाली सागाचे ठोकळे बसले. आता घसरण्याचं नाव नाही. उलट जेट्टीवर भेटेल त्याला हा ऐकवतो, "उशा कसल्या घेता? पलंग उचला, पलंग!"

परवा जेवता जेवता मला म्हणाला, "तुलाही बरं पडेल आता. तुलाही होतं ना असं कधीमधी?"

कधीमधी! माझं डोकंच फिरलं. तशीच परसात गेले, जाळ्यावरच्या त्या दोन विटा उचलल्या आणि जवळ्याच्या वासासकट त्याच्या ताटाशेजारी आदळल्या.

त्याने विटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता विटा कशाला? ठोकळे बसवलेत की."