जंगलाबाहेर

आमची चाळ बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या अगदी कडेला. गावची आठवण फारच यायला लागली की बाबा रविवारी त्या जंगलात रानभाजी शोधत फिरायचे. त्या रविवारी पिशवीभर टाकळा घेऊन आले आणि तापाने फणफणले. ताप मेंदूत गेला म्हणून इस्पितळात ठेवलं.

कणकवलीहून आत्या धावत आली. तिचं एकच पालुपद, भावाला जंगलातलं काहीतरी लागलंय. माझं डोकं फिरायचं. मी अकरावीत होते, घरात इंग्रजी समजणारी मी एकटी, आणि त्याचा मला माज होता.

डॉक्टर फक्त इंग्रजीत बोलायचे. एका सकाळी बाबांना तपासून म्हणाले, "ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट." आई आणि आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी शब्दाला शब्द लावला.

"बाबा अजून जंगलातून बाहेर आले नाहीत म्हणतात."

"बग!" आत्या ताडकन उठली. "डॉक्टराक सुद्धा कळला, तुमकाच कळणा नाय!"

कॉलेजात बाईंना विचारलं, तेव्हा खरा अर्थ कळला. घरी येऊन तावातावाने सांगितलं, "अगं आत्या, त्याचा अर्थ, धोका अजून टळलेला नाही."

नारळ सोलता सोलता ती म्हणाली, "मगे? अर्थ तोच झालो मा!"



संध्याकाळी जंगलाच्या कडेला नारळ ठेवून तिने गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, माजो भाव तुझ्या रानात वाट चुकलो आसा. तेका हाताक धरून भायर काड रे म्हाराजा!"

मागून आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं होतं. आईचा आवाजच फुटेना. मग तिच्या वाटणीचंही मीच ओरडले, घसा दुखेपर्यंत. बाबा हवे होते मला, बाकी काही नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी डॉक्टर बाहेर आले. मान खाली घालून म्हणाले, "वुई लॉस्ट हिम." आणि निघून गेले.

पुन्हा दोघी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. या वेळी अर्थ मला पक्का ठाऊक होता. तो काही केल्या जिभेवर येईना.

"हरवले म्हणतात," मी म्हणाले.

आत्या मटकन खाली बसली. आई मात्र उठली, पायात चपला सरकवल्या आणि माझा हात धरून म्हणाली, "मग चल ना गं, शोधूया."