भिंतीजवळची शहाणी पोर

तानाबाईला बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. भाकरी खायची ती उभ्यानं, चहा प्यायचा तो दारात, आणि कुणाकडे मयताला गेली तरी बायकांत टेकायचं सोडून पाण्याची घागर भरायला धावायची. चिंचवड गावठाणातल्या बायका म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी हाय." म्हणोत बापड्या! ती भिंगरी कुणी बांधली, हे त्यांना कुठं ठाऊक होतं.

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला, त्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. गावच्या मंडळानं नदीकडच्या पत्र्याच्या खोलीत बालवाडी काढली होती. शिकवायला एक बाई होत्या, त्या लग्न होऊन निघून गेल्या आणि झाडलोटीला ठेवलेली तानाबाईच बालवाडीची बाई होऊन बसली. बसली म्हणायचं आपलं. तिला सही यायची नाही. पण सकाळी भुकटीचं दूध ढवळून पोरांना पाजलं, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, की ती पदर खोचायची आणि ओरडायची, "उठा रे! बसलाय काय दगडावानी? पळा!" मग लंगडी, शिवणापाणी, वडाला तीन फेऱ्या. सगळ्यांत पुढं कोण, तर चाळिशीची तानाबाई.

गावाला हे पटलं नाही. पटावं तरी कसं? पोर एका जागी गप बसलं की ते शहाणं आणि हुंदडलं की वांड, हा आपल्याकडचा जुना कायदा. शेजारची गवराबाई तर तोंडावर म्हणाली, "आमी पोरं शिकाय धाडली, का घोडी पळवाय?"

त्यात एक दिवस मंडळाचे कारभारी उद्धवराव खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण धोतराची घडी मोडू नये म्हणून जन्मभर जपून चालणारा.

"तानाबाई, आठ दिवसांनी पुण्याहून कुसुमताई तपासणीला यायच्यात. पोरं ओळीत बसलेली पाहिजेत. हाताची घडी, तोंडावर बोट. दंगा दिसला तर बालवाडीला कुलूप लागेल, सांगून ठेवतो." मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ती पोर बघा. कशी शहाणी! सगळी अशी करून दाखवा."

भिंतीला टेकून हसीना बसली होती. सायकली दुरुस्त करणाऱ्या चांदभाईची चार वर्षांची लेक. दूध प्यायची, शेंगदाणे खायची आणि भिंत धरायची, ती घरी जाईपर्यंत. रडणं नाही, भांडणं नाही. तिच्याकडे बघून सगळ्यांना कौतुक वाटायचं. तानाबाईला मात्र ते बघवायचं नाही.

कारण अशी एक शहाणी पोर तिच्या घरीच होऊन गेली होती. अंबू तिचं नाव. तानाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची तेव्हा अंबूला बांधावर गोणपाटावर बसवायची. सकाळी बसवलेली पोर संध्याकाळी तिथंच. येणारी-जाणारी म्हणायची, "काय गुणाची लेक गं तुझी!" आणि ही हरखायची. चार वर्षांची अंबू एका थंडीत दोन दिवसांच्या तापानं गेली. पुढं दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं सहज बोलता बोलता सांगितलं, "पोटात काही नसलं की लेकरं खेळत नाहीत हो, बसून राहतात." त्या दिवसापासून तानाबाईला बसवेना. स्वतःला नाही आणि कुणाच्या पोरालाही नाही.

उद्धवरावांची पाठ फिरली तशी ती हसीनापुढं उकिडवी झाली.

"का गं, खेळाया का येत न्हाईस?"

हसीनानं आधी मान हलवली. मग अगदी समजूतदारपणे म्हणाली, "अम्मी म्हणती, पळलं का भूक लागती."

तानाबाई तशीच चांदभाईच्या घरी गेली. दारात त्याची बायको मदिना तांदूळ निवडत होती. तांदूळ कसला, कणीच ती. आत चांदभाई हाताला फडकं बांधून पडलेला. चेनमध्ये बोटं सापडल्याला दीड महिना झाला होता आणि दुकान तेवढेच दिवस बंद.

"मदिना, पोरीला खेळू नको म्हणालीस?"

मदिनानं मान वर केली नाही. "म्हणाले. खेळून आली का संध्याकाळी दुसरी भाकर मागती. तुमी पळवता, बाई. मागनं मी काय घालू?"

तानाबाईला राग आला होता, तो कुठल्या कुठं गेला. दूध-शेंगदाणे सकाळचे. पोरं पळवून भुकेली करून आपण दुपारी घरी धाडतो आणि वर गावाला नावं ठेवतो! "माझंच चुकलं बया," ती म्हणाली. "पर तिला बसवू नको. घरी येईल ती जेवून येईल. माझी जबान हाय."

जबान दिली खरी, पण द्यायचं काय? दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती टोपली घेऊन दारोदार हिंडली. घरटी एक मूठ. मटकी असो, हरभरा असो, चवळी असो. गवराबाई हसली, "वासुदेवाची टोपी तेवढी घाल आता!" पण हसता हसता दोन मुठी घातल्या तिनं. मटकी भिजली, फडक्यात मोड आले, आणि घरी जायच्या वेळी पोरांपुढं उसळीच्या वाट्या आल्या.

हसीनानं वाटी चाटून पुसून खाल्ली आणि पुन्हा भिंतीला टेकली.

दुसरा दिवस, तिसरा दिवस, तेच. तानाबाईचा जीव थाऱ्यावर राहीना. लंगडी घालताना नजर भिंतीकडे, दूध ढवळताना नजर भिंतीकडे. दूध दोनदा उतू गेलं. "उठ की गं माझे बाय," ती मनात म्हणायची. पाचव्या दिवशी चेंडू घरंगळत पोरीच्या पायाशी गेला. पोरीनं तो बघितला. नुसता बघितला.

तपासणीचा दिवस उगवला. पोरं ओळीत, हाताची घडी, तोंडावर बोट. पुढच्या ओळीत मधोमध उद्धवरावांनी हसीनाला बसवली, नमुना म्हणून. कुसुमताई आल्या, चष्म्यातून बघत ओळीपुढून चालल्या, हसीनापाशी थांबल्या. "किती शहाणी मुलगी!"

तानाबाई दाराशी उभी होती. बालवाडी वाचली, हे तिला कळत होतं. पण त्या शब्दानं तिला उभ्या जागी चरका बसला.

हसीनानं तोंडावरचं बोट काढलं. "बाई," ती खणखणीत म्हणाली, "आज पळायचं न्हाई का?"

संपलं. मागून कुणीतरी "पळायचं!" म्हणून आरोळी दिली आणि चाळीस पोरं वडाकडे सुटली. कुसुमताईंच्या हातातली वही पडली, उद्धवरावांच्या धोतरावर कुणाचा तरी पाय पडून घडीच सुटली. वडाच्या दुसऱ्या फेरीला हसीना एकदा सपशेल आपटली, गुडघा फुटला, उठली, आणि बोंब मारत पुन्हा धावली.

कुसुमताई जाताना शेऱ्याच्या वहीत लिहून गेल्या. उद्धवरावांनी कपाळाला हात लावून वाचून दाखवलं, "मुलांना शिस्त अजिबात नाही. दुधाचे डबे वाढवून द्यावेत." दोन्ही वाक्यं एकाच बाईनं कशी लिहिली, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर मदिना तणतणत आली.

"तानाबाई, माझी पोर बिघडवली तुमी! एका जागी बसत न्हाई. भावाला ढकललं, मडकं फोडलं, कोंबड्यांच्या मागं लागून चार घरं हिंडली. पैली कशी शहाणी होती!"

"व्हय?" तानाबाई म्हणाली. "मडकं फोडलं?"

"फोडलं की! आन् वर हसती!"

मदिना आणखी बरंच बोलत होती. तानाबाईनं कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं, भिंतीपाशी अंथरलं, आणि त्यावर बसली. गावानं तिला बसलेली पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा. दोन्ही हात तोंडाशी नेऊन ती ढसाढसा रडत होती, आणि मदिनाला कळेना, आपण एवढं लागेल असं बोललो तरी काय.